शेवंताबाईची बोरिंग

लहानपणी माझी पक्की समजूत होती की मामा तलाव माझ्या मामाचा आहे. मामाच्या गावाला तलाव, तलावाचं नाव मामा, आणि मी मामाची एकुलती एक भाची; आणखी काय पुरावा पाहिजे? जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांना सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी' म्हणतात आणि त्या दोन शब्दांची पहिली अक्षरं जोडून लोकांनी 'मामा' करून टाकलं, हे मला मास्तरीण व्हायला डी.एड.ला गेल्यावर कळलं. तिथं भर वर्गात मी बोलून गेले, 'आमच्याकडचा तलाव तर माझ्या मामाचा आहे,' आणि वर्ग असा हसला की मला दोन दिवस डबा गोड लागला नाही. मामानं मात्र ती समजूत कधी मोडली नव्हती. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसून तो म्हणायचा, 'कुंदे, तुले कोणता कोपरा पाह्यजे ते सांगून ठेव, लग्नात देऊन टाकतो.' मी शिंगाड्यांचा कोपरा मागून ठेवला होता.

सिंदेवाहीच्या बाजूचं ते गाव. पाळीखाली विहीर होती आणि तिचं पाणी नेहमी थोडं गढूळ असायचं. मामी जुन्या पातळाची दुहेरी घडी गुंडाच्या, म्हणजे पितळी घागरीच्या, तोंडाला बांधून ते गाळायची, तरी पाण्याला शेवाळाचा वास यायचाच. त्या वासाशिवाय पाणी असतं हे मला माहीतच नव्हतं. त्याच पाण्यात भात शिजायचा, पांढरा, मोकळा, आणि त्याच्यावर आंबाडीची भाजी नाही तर तलावातल्या बारीक मासोळ्यांचा रस्सा. मामीला मूलबाळ नव्हतं. ती पहिला घास मला द्यायची आणि मामा लटकं रागावून म्हणायचा, 'घरात माणूसबी जेवते म्हटलं.' मी चौथी पास होईपर्यंत तिथं होते आणि माझी आई-बाबांची भेट वर्षातून दोनदा व्हायची. मी तिथं का होते, हे आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

बाबांचं गाव गोंडपिपरी तालुक्यात. तिथं एक पायऱ्यांची विहीर होती. बायका गुडघाभर पाण्यात उतरून गुंड बुडवायच्या आणि त्याच पाण्यात ज्यांच्या पायाला नारू झालाय तेही उतरायचे. नारू म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. माणसाच्या पायातून हात-हात लांब सुतासारखा किडा निघायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय सडायचा. माय लग्न होऊन आली त्याच वर्षी बाबांच्या पोटरीत तो निघाला. नवी नवरी पावसाळाभर नवऱ्याच्या पायाशी काडी धरून बसली होती. मी झाले तेव्हा ती न्हाणीतून उठली आणि आजीला सरळ म्हणाली, 'माह्यं लेकरू म्या या पाण्यावर नाई वाढवत.' सासूपुढं तोंड न उघडणारी बाई ती. पण मला मामाकडं ठेवून आली, आणि परत जाताना यष्टीत मूल गाव येईपर्यंत रडत गेली असं मामी सांगायची. तिनं मला टाकलं असं मी मोठी होईपर्यंत मनात धरून होते. आज वाटतं, आयुष्यात तिनं अचूक केलेली ती एक गोष्ट. बाकी जे तिनं तितक्याच मायेनं केलं त्याचं काय झालं ते माझ्या बहिणीला पाहिलं की दिसतं.

मी चार-पाच वर्षांची, मामाकडंच असताना बोरिंगची गाडी आमच्या, म्हणजे बाबांच्या गावात आली. हातपंपाला आमच्याकडे बोरिंगच म्हणतात, अजूनही. साहेबांनी विचारलं, कुठी करायची? गावातले मोठे लोक आपापल्या दारापुढं म्हणून भांडत बसले. माय पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, माझ्या सांदवाडीचा कोपरा घ्या, कुंपण मी तोडून देते, कुणालाही येता येईल. घरामागच्या त्या वाडीत तिची वांगी होती, वाल होते. तिनं सगळं उपटून दिलं. पाणी लागलं तेव्हा वर उडालेली पांढरी भुकटी तिच्या केसांवर बसली होती आणि ती तशीच हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. पाणी काचेसारखं. वास नाही, माती नाही, वर गोड. त्या दिवसापासून बोरिंगला मायचंच नाव पडलं, 'शेवंताबाईची बोरिंग.' पुढच्या उन्हाळ्यात मायनंच घरोघर फिरून बायकांना तयार केलं आणि नारूची ती विहीर गावानं दगडमातीनं बुजवून टाकली. नारू गेला. खरंच गेला, गावात पुन्हा कुणाच्या पायातून किडा निघाला नाही. त्याच वर्षी माझी बहीण सुशी झाली. तिला पाजलेलं पहिलं पाणी मायनं स्वतः हापसून चांदीच्या चमच्यानं पाजलं. तो चमचा मामानं माझ्या बारशाला दिलेला होता.

बोरिंग झाली तरी मामीनं मला लवकर सोडलं नाही. मी पाचवीसाठी घरी आले तेव्हा मला ते घर परक्याचं वाटायचं. रात्री झोप लागायची नाही आणि पहाटे लागली की मागं दांडा सुरू व्हायचा, खटॅक्-खुट, खटॅक्-खुट. बायकांची भांडणं, गुंडांचे आवाज, कुणाच्या तरी चुंबळीची चोरी. माय अंथरुणातूनच आवाजावरून ओळखायची. 'हे वच्छी आली. हे सोनारीण. सोनारीण कशी दांड्यावर राग काढते पाह्य.' घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी पाणी द्यायची आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. पाहुणा 'गोड आहे हो पाणी' म्हणाला की तिचा चेहरा असा खुलायचा की जणू ते तिनंच तयार केलंय. मला मात्र एक गोष्ट पहिल्याच जेवणाला खटकली. आमच्या घरचा भात पिवळा होता. हळद टाकल्यासारखा पिवळा नाही, जुन्या कागदासारखा. मी म्हटलं, 'माय, मामीचा भात पांढरा राह्यते.' ती म्हणाली, 'तिथचं धान वेगळं, इथचं वेगळं.' मामाकडून आलेल्या तांदळाचाही भात आमच्या चुलीवर पिवळाच व्हायचा. ते सगळ्यांना दिसत होतं. कुणी काही म्हटलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही.

आणि सुशी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तशी ती पहिल्या दिवसापासून 'बाई, बाई' करत माझ्या मागं लागली. चार वर्षांची टुणटुणीत पोरगी, डोक्यावर दोन शेंड्या, गळा असा गोड की बोरिंगवरच्या बायका हापसायचं थांबवून तिच्याकडून गाणं म्हणवून घ्यायच्या. हसली की सगळं अंग हलायचं तिचं. मी आखडू होते, मामाकडची लाडावलेली. ती माझ्या ताटातलं खायची म्हणून मी तिला चिमटे काढायची. तिला त्याचंही हसू यायचं.

सातवीत मी आरोग्यमंत्री झाले. तेव्हा शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असायचं आणि प्रार्थनेनंतर नखं, केस, दात तपासणं हे माझं खातं. गुरुजींनी मला निवडलं त्याचं कारण त्यांनी सगळ्या शाळेसमोर सांगितलं, 'हिचे दात पाहा. याले म्हणते दात.' माझे दात पांढरे होते खरे. गावातल्या बहुतेक पोरांचे दुधाचे दात पडून जे नवे आले होते त्यांच्यावर पिवळे आडवे पट्टे, काहींवर तपकिरी डाग, एकदोघांचे तर कडा खाल्ल्यासारखे. गुरुजी म्हणायचे, राखुंडी लावत नाहीत साले, आळशी. छडी खाऊन पोरं रडायची आणि गुरुजी त्यांना चूळ भरायला पाठवायचे. कुठं पाठवायचे? शेवंताबाईच्या बोरिंगवर. मी मागं उभी राहून बघायची, चूळ नीट भरतात की नाही.

माझी एक वही होती, तपासणीची. त्यात प्रत्येकाच्या नावापुढं मी स्वच्छ नाही तर अस्वच्छ लिहायची. ती वही आज हातात असती तर मी चुलीत घातली असती, किंवा कदाचित फ्रेम करून भिंतीला लावली असती, कारण सगळं त्यात लिहिलेलं होतं. न्हाऊन-माखून, तेल लावून येणारी गावातली पोरं अस्वच्छ. आणि नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, येणारी पाच-सहा गोंडांची पोरं, ज्यांच्या केसांत गवताच्या काड्या असायच्या, ती सगळी स्वच्छ. टोल्यावर बोरिंग नव्हती. ते लोक नाल्याच्या वाळूत झिरा खणून त्यातलं पाणी प्यायचे. टोल्यावरची जनी माझ्याच वर्गात होती. मला वाटलं, ही करंजाच्या काडीनं घासत असणार. मी तिला म्हटलं, 'जने, मले तुमच्याकडची दातवन आणून दे, सुशीले पाह्यजे.' ती म्हणाली, 'मी कुठी रोज घासतो वो? सणासुदीले घासतो.' आणि खो-खो हसली, पांढरेशुभ्र दात दाखवून. उत्तर माझ्या तोंडासमोर हसत उभं होतं. मी तिच्या नावापुढं 'स्वच्छ' लिहिलं आणि पुढच्या मुलाकडं वळले. मी तेव्हा बारा वर्षांची होते असं लोक माझी समजूत घालतात. असेन.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याहून मोठे साहेब शाळा तपासायला येणार होते. गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, 'कुंदा, आठ दिवसांत साऱ्यांचे दात चकाचक पाह्यजेत. इज्जतीचा सवाल आहे.' सुशी तेव्हा दुसरीत. तिचे समोरचे वरचे दोन दात नुकतेच आले होते आणि ते उगवतानाच डागाळलेले होते. स्वागतगीत तीच म्हणणार होती, म्हणजे साहेबांच्या अगदी पुढ्यात उभी राहणार. माझी झोप उडाली. आरोग्यमंत्र्याची सख्खी बहीण, आणि असे दात! मी विटकर कुटली, वस्त्रगाळ केली आणि आठ दिवस रोज सकाळी तिला बोरिंगच्या ओट्यावर बसवून ती भुकटी बोटानं दातांवर घासली. शेवटच्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. ती रडली नाही. चूळ भरून ती मला म्हणाली, 'बाई, जात नाई ना वो. माह्ये आतूनच असे आहेत.'

सात वर्षांच्या पोरीनं ओळखलं होतं. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. 'मंग दाखवू नको कोणाले. हसायचं नाई. हसू आलं तं हात ठेवायचा तोंडावर. समजलं?' तिनं तिथंच हात ठेवून दाखवला, बरोबर आहे का म्हणून. मी म्हटलं, हां, असा.

साहेब आले. माय सकाळपासून घासून लख्ख केलेल्या गुंडात पाणी घेऊन शाळेच्या ओसरीत उभी होती. साहेबांनी आख्खा पेला रिकामा केला आणि म्हणाले, 'वा, काय गोड पाणी आहे.' माय माझ्याकडं पाहून हसली. मग स्वागतगीत. सुशी पुढं आली, नमस्कार केला, आणि डावा हात तोंडावर ठेवून गाऊ लागली. शब्द तळहातात अडकत होते, नुसता घुं-घुं आवाज. पोरं फिसफिसली. साहेब खुर्चीतून वाकले, 'हात काढ बेटा, ऐकू येत नाही.' तिनं माझ्याकडं पाहिलं. मी रांगेच्या टोकाला वही छातीशी धरून उभी होते. मी मान हलवली, नाही. तिनं हात काढला नाही. ती तशीच शेवटच्या ओळीपर्यंत गायली. साहेबांना वाटलं दात दुखत असेल. गुरुजी दात-ओठ खात होते. नंतर साहेबांनी माझी वही पाहिली, मला 'ई' करायला लावलं, आणि माझ्या फ्रॉकला आपल्या खिशातलं पेन लावून म्हणाले, 'असे दात पाहिजेत सगळ्यांचे.' मी हसले. पोटभर, सगळे दात दाखवून हसले.

त्यानंतर सुशीचं तोंड उघडं असं मी पाहिलं नाही. घरात, शेतात, लग्नात, मयतीत, हसू आलं की हात आधी जायचा. गाणं तिनं सोडूनच दिलं. पुढं गावातल्या सगळ्याच पोरी तसं करू लागल्या आणि आजूबाजूच्या गावांत आमच्या गावाची ती खूणच झाली. पण सुरुवात माझ्या हातानं झाली. मी नंतर पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. एकाही पोराचे दात कधी तपासले नाहीत.

ती दहा-अकरा वर्षांची झाली तेव्हा तिचे गुडघे चालताना एकमेकांना लागू लागले. मग पाय खालून बाहेर फेकले जाऊ लागले. मायला पहिला संशय आला तो लाखोरीचा. धानाच्या बांधीत नंतर लाखोरी पेरायची, तिची डाळ गरीबाघरी रोज, आणि ती जास्त खाल्ली की पाय जातात हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. मायनं घरातली लाखोरी गुरांना घातली. वरण बंद, वडे बंद. बाबा कोरडा भात गिळायचे. तालुक्याच्या डॉक्टरानं वात सांगितला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की पाणी भरपूर पाजा. मायनं ते मनावर घेतलं. सकाळी उठल्यावर दोन पेले, जेवणाआधी एक, झोपताना एक. सुशीला नको असायचं, तर माय तिच्याजवळ बसून पाजायची. 'पे माय, पे. आपल्या घरची बोरिंग आहे, लोक दुरून नेतात.'

हे लिहिताना हात थांबतो. पण आता लिहायला मीच उरलेय.

मी डी.एड.च्या सुट्टीत घरी आले होते तेव्हाची दुपार. एक माणूस सायकलवर डबा आणि ब्रश लटकवून आला आणि वाडीत शिरून बोरिंगला लाल रंग देऊ लागला. काही महिन्यांपूर्वी कुणीतरी बाटल्यांत पाणी भरून नेलं होतं, ते आम्ही विसरूनही गेलो होतो. माय कौतुकानं बाहेर आली. तिला वाटलं, सरकारनं चांगल्या बोरिंगांचा नंबर काढला असेल.

'भाऊ, हे काय करून राह्यले?'

'लाल करून राह्यलो बाई. हिचं पाणी प्याचं नाई आता.'

'काऊन?'

'फ्लोराईड निघालं म्हणते. दात जाते, हाडं वाकते. भांडेधुण्याले चालते, प्याले नाई चालत.'

मायनं विचारलं, 'मंग प्याचं कोणतं, भाऊ?'

'ते माह्याकडे नाई बाई. माह्याकडे रंगवाचं काम आहे.' तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्याकडूनच पाणी मागून प्यायलं, मग त्याच्याच लक्षात आलं आणि उरलेलं हळूच ओतून टाकलं. अजून चार गावं करायची आहेत म्हणून तो निघून गेला.

तो गेल्यावर माय ओट्यावर बसली. सुशी दारातून बघत होती, भिंतीला धरून. मायनं विटकरीचा तुकडा उचलला आणि बोरिंगवरचा लाल रंग घासायला सुरुवात केली. रंग ओला होता, तो तिच्या हाताला, लुगड्याला लागला, पण बोरिंगवरून काही जाईना. मी तिचा हात धरला तर तिनं झटकला. 'म्या पाजलं ना वो,' ती म्हणाली. 'साऱ्या गावाले म्या पाजलं. विहीर म्या बुजवाले लावली.' मग माझ्याकडं वर पाहून ती जे बोलली ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. 'तुले लहानपणी नाई पाजलं तं तुले काई झालं नाई.' ती रागानं बोलली नव्हती. नुसतं दिसलं ते बोलली. संध्याकाळी वच्छी गुंड घेऊन आली, लाल रंगाकडं पाहिलं आणि म्हणाली, 'रंग दिला तं दिला, पाणी तं तेच आहे,' आणि हापसू लागली. दुसरं करणार तरी काय होती? विहीर राहिली नव्हती.

मायनं मात्र त्या दिवसापासून सुशीसाठी टोल्याच्या झिऱ्यावरून रोज एक गुंड आणायला सुरुवात केली. झिऱ्यापाशी वाटीवाटीनं पाणी भरायचं, डोक्यावर घ्यायचं, यायचं. उन्हाळ्यात झिरा आटला की पुन्हा बोरिंग. उशीर झालेलाच होता. सुशीला पाहायला एकच पाहुणे आले. ती तोंड मिटून बसली तर म्हणाले पोरगी मुकी आहे का. हात ठेवून बोलली तर म्हणाले, उठून चालून दाखव. ती उठली नाही. मला मात्र पहिल्याच ठिकाणी पसंत केलं. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सुनेचे दात मोत्यासारखे आहेत. बाबा गेले, मग माय गेली. शेवटच्या दुखण्यात मी तिच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला तर तिनं आधी विचारलं, 'कुठचं आहे?' चंद्रपूरचं आहे म्हटल्यावर घोट घेतला. लोक मात्र अजून म्हणतात शेवंताबाईची बोरिंग. तिच्या नावानं एवढंच उरलंय गावात.

नंतर गावात टाकी झाली, नळ आले. नळाला पाणी चार दिवसांतून एकदा, मोटर जळली की महिनाभर नाही. मग पाणी शुद्ध करायचं मशीन आलं, नाणं टाकलं की कॅन भरायची. फीत कापली, पेढे वाटले. दोन उन्हाळे चाललं. आत काहीतरी बदलायचं असतं ते कुणी बदललं नाही. आता त्या खोलीत बकऱ्या बसतात. मी अर्ज केले, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक ठिकाणी माणसं बरी भेटली आणि प्रत्येकानं मला दुसरीकडं पाठवलं. बोरिंगचा लाल रंग कधीच उडून गेला. ज्यांना तो आठवतो ती माणसं थोडी उरलीत, आणि नव्या सुनांना कुणी सांगत नाही.

सुशी त्याच घरात आहे. वच्छीची सून दोन वेळा भात-वरण आणून देते. मी कितीदा म्हटलं, चंद्रपूरला चल. ती म्हणते, 'तिथी मले कोण ओळखते, इथी सारे माह्यासारखेच आहेत.' मान आता वळत नाही तिची. कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवावं लागतं. मी जाते तेव्हा यष्टीत पाण्याच्या दोन कॅन घेऊन जाते. या उन्हाळ्यात माझे गुडघे सुजले होते, कॅन उचलवल्या नाहीत. म्हटलं, गावात कॅनची गाडी येते, तिथं घेऊ. गाडी चार दिवस आली नव्हती. नळ कोरडा.

भर दुपार. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, 'बाई, पाणी दे.' घरात सगळी भांडी हुडकली. मडक्याच्या तळाशी घोटभर होतं आणि त्यात मुंग्या. मी पेला घेऊन मागं गेले. दांडा हातात घेतला तर इतक्या वर्षांनी तोच आवाज, खटॅक्-खुट. तेच पाणी, काचेसारखं. बराच वेळ मी तशी उभी राहिले. मग आत आले आणि पेला तिच्या ओठांना लावला, कारण तिचा हात आता तोंडाशी जात नाही.

दोन घोट घेऊन तिनं पाणी ओळखलं. माझा चेहराही पाहिला असेल. डोळे बारीक करून म्हणाली, 'काय वो आरोग्यमंत्री, दात तपासता का माह्ये?' आणि तिला हसू फुटलं. तेच लहानपणचं, सगळं अंग हलवणारं. सवयीनं डावा हात उठला, छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला; कोपर त्याच्यापुढं वाकत नाही. तिला थांबता येईना. ती हसत राहिली आणि मी समोर बसून तिचं उघडं तोंड पाहिलं. उरलेले दात पार काळे झालेत, समोरचे दोन नाहीतच. ती हसते तेव्हा उजव्या गालाला खळी पडते, हे मला माहीत नव्हतं.

मी पेला हातात तसाच धरून होते. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, 'दे ना बाई, अजून तहान आहे.'

मी तिला पाणी पाजलं.